ओव्हाळांची चिठ्ठी

"चार्जिंग पॉइंटचं तोंड बदलायचंय नुसतं, काका! जुनं काढायचं, नवं बसवायचं. दोन वायरी, दोन स्क्रू. यूट्यूबवर चार मिनिटांचा व्हिडिओ आहे."

"मग त्यालाच बोलवायचं होतं. मला कशाला कसब्यातून चालवत आणलंत?"

"अहो, तसं नाही म्हणत मी..."

"टॉर्च धरा. माझ्या डोळ्यांत नको, भोकात. माझा मोतीबिंदू काढून झालाय, परत तपासायची गरज नाही."

गंधार वैशंपायनने टॉर्च भोकात धरली. भोक म्हणजे कॅम्परच्या मागच्या पलंगाखाली फळीत कापलेला वीतभर चौकोन. त्याच्यासमोर दशरथ ओव्हाळ पालथे पडले होते. वय साठ, अंगात इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, शर्टाखाली स्वतः आणलेलं वर्तमानपत्र अंथरलेलं. दुसऱ्याच्या गाडीच्या जमिनीवर ते अंग टेकवत नाहीत.

गाडी उभी होती नदीपात्रात, शनिवार पेठेच्या मागे. पेठेत एवढी मोठी गाडी वळत नाही, म्हणून. मुठेच्या पाण्याचा वास मागच्या उघड्या दारातून आत येत होता आणि आतल्या वासाशी त्याचं जमत नव्हतं. आत लिंबाच्या स्प्रेचा वास होता. त्या वासाखाली ओल्या गादीचा. आणि गादीच्याही खाली, अगदी तळाशी, जळक्या प्लास्टिकचा. तो फक्त दशरथरावांना आला होता.

"वास येतोय का?"

"नदीचा ना? हो, आज जरा जास्तच..."

"नदीचा नाही. नदी बिचारी बाहेर आहे."

त्यांनी चौकोनात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटांना काळा चिकट राप लागला होता, त्याला केसांचा पुंजका, आणि त्या पुंजक्यात झुरळाची तीन अंडी, चवळीच्या दाण्यांसारखी चकचकीत.

"शी."

हे 'शी' ज्यांनी ऐकलंय त्यांना ते विसरता येत नाही. ते ओरडून येत नाही. ओठ जेमतेम उघडतात, नाक वर जातं आणि समोरच्या माणसाला आपण आज आंघोळ केली होती का, असा प्रश्न पडतो. वयाच्या विसाव्या वर्षापासून दशरथराव हे 'शी' करत आलेत. उघड्या जोडाला शी, सैल स्क्रूला शी, दिवाळीत माळ लावायला भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला शी. कांताबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात, आमच्या लग्नात हे मांडवातला दिव्याचा बोर्ड बघून शी म्हणाले आणि माझ्या आत्याला वाटलं जिलबीला म्हणाले.

"किती वॅटचे आहेत हे तुमचे नवीन?"

"पासष्ट!" गंधार खुलला. खोक्यातून त्याने एक नवा कोरा टाइप-सी सॉकेट काढून दाखवला, कडेला निळा दिवा असलेला. "एकेक पासष्ट वॅट. लॅपटॉप चार्ज होतो, ड्रोन होतो, सगळं. जुन्यांवर फोन रात्रभर ठेवला तरी अर्धा. लोक रिव्ह्यूमध्ये लिहितात हो. डोंगर सुंदर, चार्जिंग स्लो, एक स्टार. डोंगर मी बनवलेला नाही, त्याचं क्रेडिट नाही मिळत. चार्जिंगची शिवी मात्र मला. सहा घेतलेत."

"सहा पासष्टं?"

"तीनशे... नव्वद."

"बाराने भागा. बॅटरी बारा व्होल्टची आहे."

"साडेबत्तीस."

"साडेबत्तीस अँपिअर. आता ही बघा." त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत, मेलेल्या उंदराचं शेपूट धरावं तशी, एक वायर ओढून बाहेर काढली. "पाऊण एमएम. दारावरच्या घंटीला लावतात ही. आणि सहाच्या सहा पॉइंट हिच्यावरच ओवलेत, एकामागे एक, माळेसारखे. म्हणजे सहांचा भार पहिल्या जोडावर. साडेबत्तीस अँपिअर घंटीच्या वायरीतून."

"पण दीड वर्ष चाललंय की, काका. मी गाडी घेतल्यापासून."

"जुने पॉइंट जिभेच्या टोकाने चाटत होते. हे घागर तोंडाला लावणार."

गंधारने घड्याळ बघितलं. आयटीतली नोकरी सोडून त्याने ही गाडी घेतली होती. मूळची शाळेची मिनीबस, कुणीतरी तिचा कॅम्पर करून घेतला होता, तो त्याने त्या माणसाकडून आयता घेतला. ओटा, सिंक, दोन पलंग, पडद्यांवर पानं. रोज एक रील. त्यात तो दार सरकवतो आणि म्हणतो, 'घर घेऊन फिरा!' उद्या सकाळी सहाला बाणेरचं एक कुटुंब ही गाडी घेऊन कोकणात निघणार होतं. नवरा, बायको, दोन मुलं, चार दिवस.

"मुलं कुठे झोपणार?" दशरथरावांनी विचारलं.

"मागेच. इथे, वर. खिडकी आहे ना, मुलांना आवडतं."

दशरथरावांनी वर बघितलं. वर फळी, फळीवर स्पंजाची गादी, गादीवर डायनासोरांची चादर. मग त्यांनी परत खाली बघितलं आणि त्या वायरीचा पहिला जोड टॉर्चखाली धरला. जोडावर इन्सुलेशन टेप नव्हती. जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. तीच, औषधाच्या दुकानातली, मध्ये पांढरी गादी असलेली. ती गादी आता तपकिरी झाली होती आणि कडा करपल्या होत्या.

"हे काय आहे?"

"बँडेड?" गंधार म्हणाला.

"वायरीला लागलं होतं वाटतं."

त्यांनी पक्कडीने ती पट्टी उचलली. ती सहज निघाली नाही. पिकलेल्या जखमेवरून निघावी तशी निघाली, तारा काढत. गंधारने तोंड फिरवलं. दशरथरावांनी फिरवलं नाही. किळस आली की ते आणखी जवळून बघतात.

"आता फ्यूजकडे या. फ्यूजचं काम काय असतं? सगळ्यांच्या आधी स्वतः मरायचं. हा बघा तुमचा फ्यूज." फ्यूजच्या खाचेत सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घडी घालून कोंबला होता. "हा मरत नाही. हा कधीच मरणार नाही. मग कोण मरणार, हे तुम्ही रिव्ह्यूत वाचा."

"काका, प्लीज, असं नका ना बोलू."

"मी बोलत नाहीये, हा कागद बोलतोय. ज्याने हे केलंय ना, त्याला माझ्यासमोर आणा. मी मारणार नाही. फक्त त्याचे हात बघायचेत मला. ह्या हाताने तो जेवतो कसा? पोराच्या तोंडात घास कसा घालतो? मोरी साफ करणारा माणूस हात धुतो. ह्या घाणीला साबण कुठला लावायचा?"

हे ते सहज बोलले नव्हते. दशरथ ओव्हाळांचा हातांवर फार जीव आहे, आणि त्याला कारण आहे.

ते जन्मले वाढले मंगळवार पेठेत. वडील छप्पन साली दीक्षा घेऊन आलेले, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. घरी येऊन तेच सांगायचे, तिथे एक काम कच्चं राहिलं की दहा माणसं जातात, त्यामुळे मला कच्चं काम दाखवू नका. दशरथने औंधच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला आणि पेठांमधून घरोघरी वायरिंग करायला लागला. शहाऐंशी साली शनिवार पेठेतल्या एका घरात पाच दिवसांचं काम होतं. पहिल्या दिवशी चहा आला तो जिन्याच्या खिडकीत. कान तुटलेला कप. घरातली बाई लांबूनच म्हणाली, पिऊन झालं की विसळून तिथेच पालथा घाला हं. पाचही दिवस तो कप तिथेच पालथा होता. त्याच्या कडेला मुंग्या लागल्या होत्या.

"किळस दोन्हीकडून येऊ शकते," दशरथराव कधीतरी, चांगल्या मूडमध्ये असले तर सांगतात. "त्यांना माझ्या हाताची आली. मला त्यांच्या कपाची. पण पाचव्या दिवशी बोर्ड बंद करताना मी एक कागदाची पट्टी घेतली, तिच्यावर लिहिलं, दशरथ लक्ष्मण ओव्हाळ, आणि आत चिकटवली. मग झाकण लावलं. म्हटलं, उंबऱ्याच्या आत मी चालत नाही ना, माझं नाव राहील आता तुमच्या भिंतीत. आणि रोज दिवा लावाल तो त्याच्या मेहेरबानीने."

तिथून ती चिठ्ठी सुरू झाली. पुढे गाड्यांचं काम आलं, कसब्यात गाळा झाला, गाळ्यावर दोन खोल्या झाल्या, चिठ्ठी छापील झाली. वर 'तपासले', खाली सहीला जागा. पण नाव असं फुकट लावायचं नाही म्हणून त्यांनी स्वतःलाच एक नियम घातला. काम संपलं की सगळे पॉइंट एकदम चालू करायचे, पूर्ण भार टाकायचा, आणि उघड्या तळव्यात वायर धरून एक तास बसायचं. घड्याळ लावून. मीटर आहे त्यांच्याकडे, चांगला आहे, पण मीटर तासभर एका जागी बसत नाही असं त्यांचं म्हणणं. तासाभरात वायर कोमट जरी लागली तरी उपटायची आणि जाड टाकायची. गार राहिली तर सही. गिऱ्हाइकं वैतागायची. मग तीच गिऱ्हाइकं दुसऱ्यांना सांगायची. पेठेत जुनी मोटार विकायला काढली की घेणारा आधी फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडून बघायचा, ओव्हाळांची चिठ्ठी आहे का.

तर असा माणूस नदीपात्रात पालथा पडून त्या हातांना शिव्या देत होता.

गंधार म्हणाला, "काका, एक विचारू? रागवू नका. तुम्ही मघापासून बोलताय ते मला कळतच नाहीये. म्हणजे, मला वाटलं तुम्ही गंमत करताय."

"गंमत?"

"तुम्हाला का बोलावलं मी? पुण्यात काय इलेक्ट्रिशियन नाहीत? ही गाडी घेताना मालकाने मला झाकण उघडून दाखवलं होतं. मी बाबांना फोन केला. आमचे बाबा, गोपाळकृष्ण वैशंपायन, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दूधवाल्यावरही विश्वास ठेवत नाहीत. ते म्हणाले, ओव्हाळांची चिठ्ठी असेल तर डोळे झाकून घे."

आणि त्याने फ्यूजच्या डब्याचं झाकण, जे दशरथरावांनी उघडून बाजूला पालथं ठेवलं होतं, ते उलटलं.

आतल्या बाजूला चिठ्ठी होती. तपासले. खाली सही. द. ल. ओव्हाळ. कोपऱ्यात झुरळाची विष्ठा.

दशरथराव उठून बसले. त्यांनी चष्मा पुसला, शर्टाला नाही, खिशातल्या रुमालाला. चिठ्ठी वाचली. परत वाचली.

"ही गाडी मी आज पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले.

"सही तुमची आहे ना?"

"सही माझी आहे."

"मग काका, असं कसं..."

"सही माझी आहे," ते पुन्हा म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांच्या तोंडावर तेच आलं जे मघाशी चिकटपट्टी बघून आलं होतं. फक्त आता ते वळवायला समोर कुणी नव्हतं.

गंधारला दया आली असावी, पण उद्याचं सहा वाजणं दयेने टळत नाही. "हे बघा, जे झालं ते झालं. आत्ता नवीन तेवढे बसवून टाका. चार दिवसांचा प्रश्न आहे. मी त्यांना सांगतो एका वेळी दोनच वापरा. परत आले की तुम्ही सगळं निवांत..."

दशरथरावांनी पक्कड उचलली आणि पाऊण एमएमची ती वायर बॅटरीपाशी कापली. कट. एवढा छोटा आवाज.

"काका!"

"संध्याकाळपर्यंत चार एमएम टाकून देतो. प्रत्येक पॉइंटला वेगळी, प्रत्येकीला वेगळा फ्यूज. नंतर एक तास बसणार. नाही जमलं, तर गाडी निघेल, पण चार्जिंगशिवाय निघेल. मुलांना सांगा खिडकीतून बघा."

"अहो पण एवढी वायर..."

"घरी आहे. आणतो. कशाला हात लावू नका. आणि ते झाकण मला द्या."

झाकण रुमालात गुंडाळून ते निघाले. एरवी पंधरा मिनिटांची वाट. शनिवारवाड्यासमोर बसने फेकलेला धूर, फूटपाथवर उसाच्या चिपाडांचा ढीग आणि त्यावर माश्या, कुणीतरी नुकतंच भिंतीवर थुंकलेलं, ओलं. रोज ह्यातल्या प्रत्येकाला एकेक 'शी' मिळतं. त्या दिवशी एकालाही मिळालं नाही.

घरी प्रज्ञेश जेवायला बसला होता. त्यांचा एकुलता मुलगा, तेहेतीस वर्षांचा. सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोरच्या अलीकडे त्याची शेड आहे, तिथे तो गाड्यांचे कॅम्पर करून देतो. गुरुवार होता, शेडला सुट्टी. एका हाताने भाकरी मोडत, दुसऱ्या हाताने तो फोनवर स्वतःचीच रील बघत होता.

दशरथरावांनी झाकण त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. झुरळाच्या विष्ठेसकट.

"अहो, जेवणापाशी काय ठेवता!" कांताबाई ओरडल्या.

"त्याला विचार. त्याने कुठे ठेवलं होतं ते."

प्रज्ञेशने झाकण बघितलं. फोन उलटा ठेवला. "कुठली गाडी?"

"किती आहेत, म्हणजे आठवावं लागतंय?"

"पप्पा, जेवून बोलू."

"चिकटपट्टी लावलीस. जखमेची. जोडाला."

"...टेप संपली होती."

"आणि सिगारेटचा कागद?"

"फ्यूज उडत होता सारखा. त्या दिवशी तीन गाड्या डिलिव्हरीला होत्या, पप्पा. तिन्ही गिऱ्हाइकं दारात, एकाची बायको प्रसादाचे पेढे घेऊन आली होती गाडीच्या पूजेला. म्हटलं, नंतर बोलावून करून देऊ."

"बोलावलंस?"

प्रज्ञेशने आमटीत बोट फिरवलं.

"शी," दशरथराव म्हणाले. कांताबाईंनी मान वर केली. तेहेतीस वर्षांत हे पोराला कधी मिळालं नव्हतं.

"शी काय, पप्पा? जग कुठे चाललंय बघा ना जरा! तुमचा तासभर हात धरून बसायचा खेळ तिथे कोण करणार? मी सिंक बसवू, फ्रीज बसवू, पडदे लावू, का वायरीचा हात धरून बसू, लग्न लागल्यासारखा? गिऱ्हाईक काय बघतं माहितीये? चिठ्ठी. झाकण उघडतं, चिठ्ठी बघतं, फोटो काढतं, झाकण लावतं. पुढे कुणी बघतच नाही. आजवर एकानेही वायर ओढून बघितली नाही."

"म्हणजे माझं नाव तू झाकण म्हणून वापरलंस."

"तुम्हीच दिलंत ना वापरायला!"

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं ठरली, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधले महिने धरून गाळा जवळजवळ बंदच राहणार होता, आणि प्रज्ञेशने शेड नुकतीच घेतली होती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दशरथराव ह्याच खोलीत चिठ्ठ्यांचं पुडकं घेऊन बसले होते.

"तास बसल्यावर लाव, असं सांगितलं होतं मी."

"नव्हतं सांगितलं."

"सांगितलं होतं!"

"पप्पा, आईला विचारा. तुम्ही म्हणालात, माझं एक गिऱ्हाईक जाता कामा नये. एवढंच म्हणालात. तास-बिस काही नाही."

दोघांनीही कांताबाईंकडे बघितलं. त्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या. उलटून झाली, तरी त्या तिच्याकडेच बघत राहिल्या.

"तुम्हाला दिसत नव्हतं नीट," त्या हळू म्हणाल्या. "मीच एकेक चिठ्ठी पुढे सरकवत होते, बोट ठेवत होते, इथे करा, इथे करा. चाळीस केल्यात. मी म्हटलंही, अहो, न बघता कशाला. तर म्हणालात, धंदा थांबला की नाव विसरतात लोक."

खोलीत भाकरीचा करपट वास यायला लागला. कांताबाईंनी गॅस बंद केला.

दशरथरावांनी मोरीपाशी जाऊन हात धुतले. साबण लावून, मनगटापर्यंत, मग पुन्हा एकदा. टॉवेल न घेता ओल्याच हातांनी परत आले.

"चाळीस कुठे आहेत?"

"काय कुठे आहेत?"

"चिठ्ठ्या. किती लावल्यास?"

"सगळ्या."

"चाळीस गाड्या?"

"हो."

"सगळ्यांत घंटीची वायर?"

"सगळ्यांत नाही हो! काहींत चांगली आहे."

"कुठल्या काहींत?"

प्रज्ञेशने हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत टाकला.

"गाडी नंबर लिहून दे. कागदावर, मोठ्या अक्षरात. मालकाचं नाव, फोन."

"पप्पा, वेडेपणा करू नका."

"एका गाडीत उद्या दोन पोरं झोपणार आहेत, त्या जोडाच्या वर. त्यांना डायनासोर आवडतात. बाकीच्या एकोणचाळिसांत कोण झोपतंय ते मला माहीत नाही. तुला माहितीये?"

प्रज्ञेशने वैतागून फोन उचलला. कांताबाईंनी न सांगताच कॅलेंडरच्या मागचं पान फाडून दिलं. तो लिहायला लागला आणि लिहिता लिहिता आवाज चढवत गेला, कारण नंबर आठवत होते आणि गाड्याही. ही मुळशीच्या रिसॉर्टला असते. हिच्यात दोघी बहिणी लडाखला जाऊन आल्या. ह्याच्यात एक रिटायर्ड जोडपं कायमचंच राहतं, फ्लॅट भाड्याने देऊन. ह्याने नागपूरला विकली. ह्याचा नंबर बंद येतो. एकतीस झाल्या. नवांचा पत्ता नव्हता.

"घ्या. काय करणार आता? दारोदार जाणार? आणि सांगणार काय? मी ओव्हाळ, माझ्या नावावर विश्वास ठेवू नका, तेवढं सांगायला आलोय? अहो, शेड बंद पडेल माझी! दोन मुलं मलाही आहेत. उद्या त्यांना शाळेत कुणी म्हणालं, तुझ्या बापाने गाड्यांमध्ये—"

"तुझी मुलं कुठल्या गाडीत झोपवशील ह्यातल्या?" दशरथरावांनी कागद पुढे धरला. "बोट ठेव."

प्रज्ञेशने कागदाकडे बघितलं नाही.

"अहो, दोन घास खाऊन घ्या," कांताबाई म्हणाल्या. "सकाळपासून चहावर आहात."

दशरथराव माळ्याखाली वाकले. चार एमएमच्या वायरीचं लाल वेटोळं काढलं, काळं काढलं, फ्यूजचा नवा डबा पिशवीत टाकला, वर इन्सुलेशन टेपच्या तीन रिळी. कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. वेटोळी खांद्यावर घेतली. दारापाशी गेले, तेव्हा प्रज्ञेश ताटावरून उठून त्यांच्यामागे आला होता, खरकट्या हाताने.

"घाण मी केली. ठीक आहे, केली. ती चिकटपट्टी मीच लावली. पण त्या चिठ्ठीवर मी काहीही लिहिलेलं नाही, पप्पा. एक अक्षर नाही. वर 'तपासले' छापलेलं होतं आणि खाली सही तुमची. गाडी आलेली नव्हती, वायर आलेली नव्हती, तुम्हाला समोरचा कागदसुद्धा दिसत नव्हता. त्या संध्याकाळी इथे बसून तुम्ही चाळीस वेळा काय तपासलंत?"

दशरथरावांनी चपला घातल्या. उजवीचा अंगठा लवकर बसेना, तो वाकून बसवला. मग खांद्यावरची वेटोळी सावरली आणि जिना उतरून निघून गेले.